राहून गेलेली मूठ

॥ श्री कानबाई माता प्रसन्न ॥

कोसाड, सुरत
सोमवार, १२ ऑगस्ट

ती. गं. भा. पार्वतीमावशी यांस,
पल्लवीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाचाल तेव्हा ते खोडून टाका.

फोन करून उपयोग नाही. तुम्हाला ऐकू येत नाही, आणि आमच्या एका खोलीत मला बोलायला कोपरा नाही. काशिनाथभाऊंच्या मोबाइलवर लिहून पाठवावं तर आधी ते वाचणार, मग दुकानात आलेला अख्खा फाटा वाचणार. म्हणून ट्रॅव्हल्सचे ड्रायव्हर रघुनाथदादा यांच्याजवळ पाकीट देतेय. नीट चिकटवलंय. उघडलेलं मिळालं तर कळवा, मी बघते त्यांच्याकडे.

आधी जरा हलकं सांगते, कारण जड सांगायला हात धजत नाही. मागच्या आठवड्यात चेतनने मोबाइलवर एक परदेशी सिनेमा लावला, हिंदीत बोलणारा. एकसारखे बंगले, पुढे हिरवळ, आणि त्यातल्या एका घरचा मुलगा वारलेला. आईबाप मोठ्या टेबलाच्या दोन टोकांना बसतात आणि मीठ मागण्यापुरतंही बोलत नाहीत. मला वाटलं आई मध्येच उठतील. त्या शेवटपर्यंत बसल्या आणि एवढंच म्हणाल्या की इतकी घरं शेजारी असून रडायला एक बाई आली नाही, असली कसली सोसायटी. नाना म्हणाले की ही माणसं तोंडाने हिंदी बोलतच नाहीत. चेतन हसून लोळला. नानांना जिथे आवाजच येत नाही तिथे हिंदी काय नि इंग्रजी काय. मीही हसले. आपल्या घरातही मीठ मागण्यापुरतंच बोलणं होतं, हे मग रात्री ताटं घासताना लक्षात आलं.

आता कानबाईचं. योगेश गेल्यावर गेल्या श्रावणात काही केलं नव्हतं. यंदा वर्षश्राद्ध उरकलं, म्हणून आईंनी मनावर घेतलं. गहू मोजताना सूप त्यांनी माझ्याच हातात दिलं. शेजारच्या बायांनी नाकं मुरडली की विधवा सुनेला कशाला. आई म्हणाल्या, सूप माझं, सून माझी आणि देवीही माझीच. मावशी, मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

माझ्या पहिल्या कानबाईला तुम्ही शेजारी बसून समजावलं होतं, आठवतं का? घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू. पहिली मूठ घरधन्याची, त्याचं नाव न घेता. मग मुलांच्या, नावं घेऊन. आणि देवीपुढे ज्याच्या मुठीच्या पिठाची जाड पोळी, तो रोट त्यानेच खायचा. या घरात आता पुरुष दोन, नाना आणि चेतन. आईंनी मुठीही दोनच टाकल्या. पण पहिली टाकताना त्यांनी योगेशचं नाव घेतलं आणि दुसरी टाकताना चेतनचं. मग हात झटकला आणि सूप सरकवलं. मी वाट बघत राहिले. नाव न घेता टाकायची ती मूठ पडलीच नाही.

मोजणी बरोबर भरली म्हणून कुणाला काही कळलं नाही. मीच ऐकलं, कारण मी सुपाला धरून होते. नाना समोर उंबऱ्यात बसले होते, पण त्यांना काय ऐकू येणार, तेवढंच एक बरं. तुम्ही तेव्हा हसत सांगितलं होतं की ज्याची मूठ पडत नाही तो पुढच्या रोटाला घरात नसतो. मी समजले होते, म्हणजे परगावी असतो. आता मला दुसराच अर्थ दिसतो.

आईंनी हे का केलं ते तुम्हाला ठाऊक आहे. चलथाणच्या पुढे हायवेवर योगेशचा टेम्पो उलटला तेव्हा त्याने नानांना फोन लावला होता. शांत जागी मोठ्याने वाजला तर नानांना तो ऐकू यायचा. घरचा फोन चेतनजवळ, तो परीक्षेत. नाना कारखान्यात, अंगात बनियन, शर्ट खिळ्याला आणि फोन शर्टाच्या खिशात. तो वाजत राहिला. मग दवाखान्यात कुणीतरी बोलून गेलं की जरा आधी आणलं असतं तर. आई त्यावर आजवर एक शब्द बोललेल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, कारण आता त्या देवीशी बोलल्यात.

काल रोटाच्या पंगतीला नाना बसले, ताटाकडे बघितलं, पाणी प्यायले आणि पोटाचं निमित्त करून उठले. योगेशच्या नावाचा रोट आईंनी डब्यात घालून माळ्यावर ठेवलाय. पुनवेच्या आत तो कुणीतरी खायला हवा. कुणी, ते विचारायची माझी छाती नाही. मला फार भीती वाटते, मावशी. काय करू ते लिहा.

माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
पल्लवी


॥ श्री ॥

मंगळवार, १३ ऑगस्ट

चि. पल्लवी हिस,
पार्वतीमावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं नाव लिहिताना अजून हात ‘सौ.’कडे जातो. ‘चि.’वर थांबवते आणि पेन टेकून बसते. असो.

पाकीट न उघडता मिळालं. रघुनाथची नजर नुसती डिझेलवर असते, पत्रांवर नाही, तेव्हा त्याला छळू नकोस. काशिनाथने मात्र काय लिहिलंय म्हणून चारदा विचारलं. मी म्हटलं कुरडयांचं पीठ कसं शिजवायचं ते विचारलंय. आता तुझ्याकडून कुरडया आल्या नाहीत तर मी खोटी पडेन.

पोरी, तुझं पत्र वाचून मी आधी तुझ्या सासूवर, उषावर, चिडले. मग पुन्हा वाचलं आणि राग राहिला बाजूला. तू लिहितेस की तुझ्या नानांना, उखाला, ऐकू आलं नाही, तेवढंच बरं. तू शिकलेली आहेस, हुशार आहेस, पण कारखान्यात कधी शिरलेली नाहीस.

मी लिंबायतला मागांच्या कारखान्यात अठरा वर्षं धाग्याचे बॉबिन भरले. माझे कान तिथेच राहिले. मशिनी चालू असताना तिथे कुणी कुणाचं ऐकत नाही, सगळे ओठ बघतात. नवीन माणूससुद्धा महिन्याभरात शिकतो. तुझे काका मला पाच मशिनींपलीकडून ज्या शिव्या द्यायचे त्या मी पहिल्याच आठवड्यात वाचल्या होत्या आणि वाचल्या हे त्यांना कळू दिलं नव्हतं. आजही माझी सून, काशिनाथची बायको, माझ्याकडे पाठ करून पुटपुटते, कारण तिला हे माहीत आहे. उखा तर जन्मभर लूमवर. तूच लिहिलंस ना, सिनेमातली माणसं तोंडाने हिंदी बोलत नाहीत असं तो म्हणाला? आवाज येत नाही त्याला ते कळलं कसं? तू हसलीस, इथेच चुकलीस.

तो उंबऱ्यात समोर बसला होता. दिवसाउजेडी. उषाचं तोंड त्याच्याकडे. पल्लवी, त्याने दोन्ही नावं वाचली. आणि तिसऱ्या वेळी बायकोचा हात झटकलेला पाहिला. त्याचं पोट बिघडलेलं नाही.

मला त्याचा स्वभाव माहीत आहे. तो भांडणारा नाही. भांडणाऱ्या माणसाची मला भीती नसते, तो भांडून जेवतो. हा आपला वाटा नाही म्हटल्यावर गपगुमान पानावरून उठणारा. त्याला एकटा सोडू नकोस. चेतनला सगळं सांगू नकोस, तो तापट आहे, आईला बोलेल आणि मग काहीच सांधता येणार नाही. त्याला एवढंच सांग की नानांची तब्येत बरी नाही, संध्याकाळी सुटल्यावर मागोमाग राहा. आणि नाना घरात काय देतात-घेतात त्यावर नजर ठेव. माणूस निघायचं ठरवतो तेव्हा आधी वस्तू वाटायला लागतो.

उषाशी तू काही बोलू नकोस. सुनेने बोलायची ही गोष्ट नाही. मूठ जिने टाकायची सोडली तिनेच ती भरून काढायची असते, दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. डबा माळ्यावरच असू दे, मुंग्या लागू देऊ नकोस.

लगेच उत्तर लिही. उद्या रात्रीच्या गाडीची वाट बघते.

आशीर्वाद नेहमीचेच, आज जरा जास्त.

तुझी,
मावशी


॥ श्री ॥

कोसाड
गुरुवार, १५ ऑगस्ट

ती. गं. भा. पार्वतीमावशी यांस,
पल्लवीचा शि. सा. न. वि. वि.

काल पत्र देऊ शकले नाही, कारण काल काय लिहावं तेच सुचत नव्हतं. तुमचं पत्र मिळालं त्याच सकाळी नानांनी आपली धागा कापायची कातर चेतनला दिली. इतकी वर्षं ती त्यांनी कुणाला हात लावू दिली नव्हती. चेतन म्हणाला मी लूमवर जाणार नाही, मला कातर कशाला. नाना म्हणाले, राहू दे, धार चांगली आहे. मी साड्यांना खडे चिकटवत बसले होते. माझ्या हातातला खडा डिंकासकट ओढणीला चिकटला. अजून तिथेच आहे.

दुपारी सोनाली, आमच्या खालच्या मजल्यावरची, पाणी भरताना सहज म्हणाली की तुझे सासरे हल्ली रोज फाटकाच्या पलीकडे रुळांशी उभे दिसतात, कुणाची वाट बघतात का. मी हो म्हटलं. काय म्हणणार होते? हंडा अर्धाच भरून वर आले.

चेतनला तुम्ही सांगितलं तेवढंच सांगितलं. तो संध्याकाळी मोबाइलच्या दुकानातून लवकर निघाला आणि त्यांच्या मागे राहिला. मी खिडकीत. आई भाकरी थापत होत्या. त्यांनी एकदाही विचारलं नाही की चेतन का नाही आला. पण भाकरी दोन करपल्या, आणि आईंच्या हातची भाकरी करपलेली मी या घरात पाहिली नव्हती.

चेतन आला तो तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मग मला जिन्यात बोलावून सांगितलं. नाना रुळांच्या कडेच्या दगडांवर उभे होते, फोन हातात घेऊन. गाडी आली की फोन कानाशी धरायचे, मग छातीशी, मग लांब करून. पुढच्या गाडीला थोडे आणखी पुढे सरकायचे. चेतनला राहवलं नाही, तो धावत गेला. त्याला वाटलं होतं नाना दचकतील. ते म्हणाले बरं झालं आलास, आता गाडी आली की माझ्या नंबरवर फोन लाव.

मावशी, ते तपासत होते. गाडीच्या धडधडीत फोन वाजला तर माणसाला ऐकू येतो का, हे ते तपासत होते. चेतनने लावला. नानांना ऐकू आला नाही. मग त्यांनी आपला फोन चेतनच्या खिशात ठेवला, चेतनचा स्वतः घेतला आणि पुढच्या गाडीला लावला. चेतनलाही ऐकू आला नाही, आणि त्याचे कान मांजराचे आहेत. नाना त्याला पुन्हा पुन्हा विचारत राहिले की तू खरं सांगतोस ना, माझं मन राखायला तर म्हणत नाहीस. चेतनने विचारलं की कारखान्यातच का नाही बघत. तर म्हणाले, तिथे खिळ्याकडे बघायची हिंमत होत नाही, पाठ करूनच शर्ट काढतो. इथे आवाज तेवढा होत नाही, म्हणून जरा जवळ जावं लागतं.

या शेवटच्या वाक्याने माझा जीव गेलाय. जरा जवळ, आणि उद्या आणखी जवळ. ज्याला इंजिनाचा भोंगा कानापाशी आल्याशिवाय कळत नाही, तो माणूस रोज एक दगड पुढे उभा राहतो. त्यांच्या मनात काही वाईट असो की नसो, गाडी काही मन विचारून येत नाही. आणि मनात काय आहे ते मला कळतही नाही. काल रात्री त्यांनी आपलं अंथरूण दाराशी घातलं, पाहुण्यासारखं.

मला योगेश गेला तेव्हा भीती वाटली नव्हती. घडून गेल्यावर कळलं, भ्यायला वेळच मिळाला नाही. ही भीती रोज सकाळी माझ्याबरोबर उठते, चहा गाळते, दळण आणते. आज कारखान्याला सुट्टी आहे म्हणून ते घरात आहेत, झेंडावंदनाचे लाडू आणलेत त्यांनी सगळ्यांना. उद्यापासून पुन्हा पाळी.

मावशी, आता तुम्हीच आईंना लिहा. पुनव सोमवारी आहे. मला ‘सून आहेस, गप्प राहा’ असं पुन्हा लिहू नका. गप्प राहून मी एक माणूस घालवीन आणि मग दुसऱ्या बाईच्या नावापुढचं ‘सौ.’ खोडताना तुम्हाला तुमचाच हात धरावा लागेल. रागाने लिहिलं, माफ करा. खोडत नाही, कारण खरं आहे.

तुमच्याशिवाय मला आत्ता कुणी नाही, एवढं ध्यानात असू द्या.

आपली,
पल्लवी


॥ श्री ॥

शुक्रवार, १६ ऑगस्ट

चि. सौ. उषा हिस,
पार्वतीआक्काचे आशीर्वाद.

‘सौ.’ लिहिलंय. ते कुणाच्या जिवावर लिहिते ते आधी बघ, मग पुढचं वाच.

तू मूठ टाकली नाहीस हे मला कळलं आहे. कुणी सांगितलं ते विचारू नको आणि त्या पोरीकडे डोळे वटारून बघू नको. तिचा नवरा गेलाय आणि ती तुझा राखत बसली आहे.

उषा, मी तुला रागावणार होते. सकाळपासून तीन कागद फाडले. पण तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं ते मला सांगता येत नाही. पोटचा पोर रस्त्याच्या कडेला बापाला हाका मारतो आणि बाप काही ऐकत नाही, हे चित्र तुझ्या डोळ्यांपुढून हलत नसेल. तू बोलली नाहीस. तू लहानपणापासून तशीच. आई रागावली की मी ओरडून रडायचे आणि तू दोन दिवस तिच्या हातचं खायचं सोडायचीस. आईला माझ्या रडण्याचं कधी काही वाटलं नाही, तुझ्या उपाशी राहण्याची मात्र ती धास्ती घ्यायची. आता तू नवऱ्याचा घास बंद केलास. आणि तो बघत होता, उषा. मला वाचता येतात तसे त्यालाही ओठ वाचता येतात. तुला हे माहीत नव्हतं असं मला मानायचं आहे.

एक विचारते. तू कधी त्याच्या कारखान्यात गेली आहेस? नाही. त्याने नेलं नाही, कारण फाटक्या बनियनवर, अंगभर रुई चिकटलेला तो तुला दिसायला नको होता. तुझ्यासमोर तो नेहमी इस्त्रीचा शर्ट घालून आला. म्हणून तुझ्या मनात कारखाना म्हणजे एक खोली, त्यात एक माणूस, आणि खिशात वाजणारा फोन. तुला वाटतं त्याने ऐकलं नाही. मी तिथे काम केलंय. तिथे ऐकणं ही गोष्टच नसते. पण मी सांगून तू ऐकणार नाहीस, तुझे कान शाबूत आहेत म्हणून.

तर जा. माझ्या शब्दावर जा. पुनवेच्या आत जा. तो खिळ्याला शर्ट टांगतो तिथे उभी राहा, फोन त्या खिशात ठेव आणि पल्लवीला लावायला सांग. तुझ्या चांगल्या कानांनी ऐक. घाई करू नको, चांगली उभी राहा. ऐकू आला, तर घरी ये आणि रोट तापीत सोडून दे, मी पुन्हा तुला एका शब्दाने विचारणार नाही. नाही आला, तर पुढे काय करायचं ते तुला कळेल.

तो संध्याकाळी कुठे उभा राहतो ते चेतनला विचार. मला इथे बसून भीती वाटते. माझ्या कानात आता बारा महिने शांतता असते, त्यात नको नको ते ऐकू येतं.

माझ्यावर राग धर, पण जा.

तुझी,
आक्का


॥ श्री कानबाई माता प्रसन्न ॥

कोसाड
सोमवार, १९ ऑगस्ट, पुनव

ती. गं. भा. पार्वतीमावशी यांस,
पल्लवीचा शि. सा. न. वि. वि.

रात्रीची गाडी सुटायच्या आत हे पोचवायचं आहे, म्हणून अक्षर असं.

तुमचं पत्र आईंनी शनिवारी वाचलं. पुन्हा वाचलं. घडी करून देवाच्या पाटाखाली ठेवलं आणि तांदूळ निवडायला बसल्या. मला काही म्हणाल्या नाहीत. काल दिवसभर नाही. चेतन दोन्ही संध्याकाळी नानांना फाटकापासून हाताला धरून घेऊन आला, आणि आई दार उघडून बाजूला होत राहिल्या. मी मनात म्हटलं, संपलं, मावशींचंही चाललं नाही.

आज सकाळी नाना पाळीला गेले. मी झाडू मारताना बघितलं तर त्यांचा फोन फळीवर. मावशी, त्या दिवसापासून तो फोन त्यांनी आंघोळीलासुद्धा दूर ठेवला नव्हता. प्लास्टिकच्या पिशवीत घालून मोरीच्या कट्ट्यावर ठेवायचे. आणि आज तो फळीवर, नीट, कडेला लावून. माझ्या हातून झाडू पडला. आईंनी वळून पाहिलं. मी पाहत होते तिकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्या स्टुलावर चढल्या, माळ्यावरचा डबा काढला, फोन कमरेला खोचला आणि म्हणाल्या, “चाल.”

कारखान्याची वाट फाटकावरूनच जाते. आम्ही दोघी भराभर चालत होतो. फाटकाशी पाच-सहा माणसं जमलेली दिसली आणि आईंनी माझं मनगट असं धरलं की अजून वळ आहे. जवळ जाऊन बघितलं तर म्हैस आडवी बसली होती. आई तिथेच खाली बसल्या. मी म्हटलं पाणी आणू का, तर मान हलवून उठल्या. त्यानंतर जवळजवळ पळतच होत्या.

दारातल्या मास्तरने, म्हणजे मुकादमाने, आधी अडवलं, की बायांना आत कशाला. आई त्याच्या बाजूने निघून गेल्या. मी मागे. आत पाऊल टाकलं आणि मावशी, तुम्ही लिहिलं होतं तरी मला माहीत नव्हतं. आवाज कानात शिरत नाही, छातीत शिरतो. पायाखालची फरशी दातांपर्यंत थरथरते. मी आईंना हाक मारली तर माझी मलाच ऐकू आली नाही.

आधी खिळा दिसला. खिळ्याला इस्त्रीचा निळा शर्ट. मग मशिनींच्या रांगेत मागे वाकलेले नाना. ते होते. मी भिंतीला टेकून रडले, कुणाला ऐकू जायची भीती नव्हती म्हणून मोकळेपणी रडले.

नानांनी आम्हाला पाहिलं. त्यांचे हात धाग्यावर होते, ते तसेच राहिले. आई त्यांच्याकडे गेल्या नाहीत. सरळ खिळ्याशी गेल्या, फोन शर्टाच्या खिशात ठेवला आणि मला खूण केली. मी बरोबर आणलेल्या घरच्या फोनवरून लावला. माझ्या हातात वाजतोय असं दिसत होतं. आईंनी खिशाला कान लावला. एकदा डावा, एकदा उजवा. खिशाच्या कापडातून उजेड दिसत होता, लागतोय आणि विझतोय, आणि आवाज काही नाही. त्यांनी पुन्हा खूण केली. मी पुन्हा लावला. असं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. शेवटी त्यांनी खिशावर तळहात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभ्या राहिल्या, तापलेल्या लेकराच्या छातीवर ठेवतात तसा. मला कळलं की आत्ता त्या फोन ऐकत नाहीत, दुसरंच काही ऐकताहेत. मी फोन बंद करू शकले नाही. वाजू दिला.

मग त्यांनी डबा उघडला. रोट आठवड्याचा, कडक झालेला. दोन्ही हातांनी मोडला. नानांसमोर जाऊन तुकडा पुढे केला. नाना मागे सरकले, त्यांनी मान हलवली. तो रोट कुणाचा ते त्यांना माहीत होतं ना. तेव्हा आई काहीतरी बोलल्या. थोडंसंच. मला फक्त ओठ हललेले दिसले, आणि मला ओठ वाचता येत नाहीत. मी तेवढ्यासाठी आज स्वतःला फार कोसलं.

नानांनी तोंड उघडलं. आईंनी घास भरवला. त्यांना तो चावता येईना, डोळ्यांतलं पाणी घासावर पडत होतं. मागे एका मशिनीवर धागा तुटला आणि कुणी बघायला गेलं नाही.

घरी येताना मी विचारलं की तुम्ही काय म्हणालात. म्हणाल्या, काही नाही, खा म्हटलं. तेवढ्याने माणूस असा रडत नाही. पण मी पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी नाना पाळी सुटल्यावर सरळ घरी आले. दारातलं अंथरूण आईंनी उचलून आत घातलंय.

मावशी, भीती अजून गेलेली नाही. नाना जिन्यात दिसेपर्यंत मी खिडकी सोडत नाही. पण आज रात्री जेवणार आहे. कुरडया दिवाळीपर्यंत पाठवते, तोवर काशिनाथभाऊंना थोपवून धरा.

मी आहे तिथे तुमचा हात पाठीवर आहे असं समजून चालते, तो काढू नका.

आपली,
पल्लवी


॥ श्री ॥

कोसाड
बुधवार, २१ ऑगस्ट

ती. थोरल्या बाई यांस,
उखाचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. चौथीनंतर लिहिलं ते फक्त पगाराच्या कागदावर नाव. पल्लवीने कागद दिला आणि म्हणाली तुम्हीच लिहा, मावशींना झोप नसेल.

तब्येत बरी आहे. कातर चेतनकडून परत घेतली, तो तिने खोके फोडत होता. रुळांकडे जात नाही. चेतनला एवढं सांगा की आता माझ्यामागे लपत येऊ नको. त्याला वाटतं मला कळत नाही. ऐकू येत नाही, दिसतं चांगलं.

त्या दिवशी फोन विसरलो नव्हतो. ठेवून गेलो होतो. मनात काय होतं ते विचारू नका. फाटकाशी बराच वेळ उभा राहिलो आणि मग कारखान्यात गेलो, एवढं खरं. का गेलो ते सांगता येत नाही. पाळीची वेळ झाली होती.

पोरगा तर येणार नाही. ते दुःख आहे तिथे आहे. पण आता आम्ही दोघं एका बाजूला बसतो.

तुमचे उपकार मोठे. लिहून फिटायचे नाहीत, म्हणून लिहीत नाही.

आपला,
उखा

ता. क. पल्लवी विचारत असते की आई काय म्हणाल्या. तिला मी सांगितलं नाही. तुम्ही ओठ वाचणाऱ्या आहात, म्हणून तुम्हाला सांगतो. लग्नात बायांनी अडवून एकदा घ्यायला लावलं होतं, त्यानंतर तिने माझं नाव कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं. सगळे लूम चालू होते, कुणालाच ऐकू गेलं नाही. मी वाचलं. म्हणाली, “उखा, खाई ले. माले बी ऐकू नही उनं.”